ठमीसाठी मोडलेला श्रावण

काल आमच्या घरात श्रावणात मासा शिजला.

तोही सोमवारी.

आमच्या आईला जे ओळखतात त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय आज मला काही सुचत नाहीये.

आमची ठमी काल गेली.

ठमी म्हणजे आमची मांजर. आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगखाली पार्क केलेल्या स्कूटरच्या डिकीपाशी सापडली होती, मुठीएवढी. आई तिला कोथिंबिरीच्या पिशवीतून वर घेऊन आली आणि पप्पांना म्हणाली, "दोन दिवस ठेवूया." ते दोन दिवस संपलेच नाहीत.

आई मूळची देवगडकडची. आमच्याशी ती सरळ मुंबईचं मराठी बोलते. मालवणी फक्त दोघांशी, देवाशी आणि ठमीशी.

आई विळी घेऊन मासे साफ करायला बसली की ठमी समोर बसायची. हात लावणार नाही, ओरडणार नाही. आई तिचा वाटा बाजूला टाकायची, तेव्हाच उठायची. पप्पा म्हणायचे, घरात शिस्त आहे ती एवढीच.

पण श्रावणात आमच्याकडे मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. कोणासाठीच नाही.

मग ठमीने स्वतःच मार्ग काढला. श्रावण लागला की ती समोरच्या फ्लॅटमध्ये जायची, सिसिलिया आंटीकडे. आंटी पापडी गावची, कॅथलिक. तिच्याकडे श्रावणबिवण नाही. ठमी तिकडे दोन वेळा जेवायची आणि झोपायला आमच्याकडे यायची. गणपती गेले की परत आमच्याकडे बोर्डर.

आई सगळ्यांना सांगायची, ठमी माहेरपणाला गेलीये.

या वर्षी तिला जाता आलं नाही.

किडन्या गेल्या होत्या. रोज रिक्षाने डॉक्टरकडे, रोज सलाईन. पप्पा सलाईनची बाटली हातात धरून पुतळ्यासारखे उभे राहायचे. परवा डॉक्टर म्हणाले, "आता जे खाईल ते द्या."

या वाक्याचा अर्थ न कळायला आम्ही काही लहान नाही.

संध्याकाळी ठमी कशीबशी उठली. दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी बसली आणि समोरच्या दाराकडे बघत राहिली. तिला माहीत होतं की श्रावण आहे. पॅसेज ओलांडायचं त्राण मात्र नव्हतं.

आंटीने बघितलं. उकडलेल्या मांदेल्यांची बशी घेऊन आली आणि नेहमीसारखी बाहेरच थांबली. इतक्या वर्षांत तिने कधी आमच्याकडे श्रावणात बशी आत आणली नाही.

आईने ती बशी हातात घेतली आणि आत आणली.

मी आणि पप्पा एकमेकांकडे बघतच राहिलो.

ठमीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"गार झाली असतील," आई म्हणाली. "आपल्या हातची खाईल ती."

काल सकाळी आईने आंटीकडून कच्ची मांदेली मागून घेतली. आंटीने साफ करूनच दिली.

आमचं देवघर किचनमध्येच आहे. गॅस पेटवायच्या आधी आईने त्याची दारं लावली. हात जोडले आणि म्हणाली, "देवांनू, जरा तकडे बघा."

चिमूटभर हळद, पाणी, मांदेली. घरभर वास सुटला. एरवी या वासाला ठमी कुठूनही धावत यायची.

आई फरशीवर मांडी घालून बसली. काटा काढला, कुस्करलं, बोटावर घेतलं.

"खा गे बाय माजे. एक घास तरी खा."

ठमीने आईचं बोट चाटलं. एकदाच. मासा तसाच राहिला.

मग तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

आई परत परत बोट तिच्या तोंडाशी नेत होती. मी म्हटलं, आई, राहू दे. तिने ऐकलं नाही. पप्पा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून मी तिथेच बसून होते. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं. घरात तीन धडधाकट माणसं, आणि एका मांजरीला एक घास भरवता येईना.

दुपारी ती गेली. आईच्या मांडीवरच.

नंतर लक्षात आलं की तिला पुरायला आमच्याकडे वीतभर माती नाही. खाली सगळे पेव्हर ब्लॉक. वॉचमन म्हणाला, पिशवीत बांधून द्या, कचऱ्याची गाडी येईल. तो वाईट माणूस नाही, त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. पप्पा नुसतेच "नको नको" म्हणत राहिले.

आंटी चपला घालूनच बाहेर आली. म्हणाली, "पापडीला भावाची वाडी आहे. चला."

तर आमची ठमी आता पापडीला आहे, चिकूच्या झाडाखाली. आंटीच्या भावाने माती सारली आणि सवयीने छातीवर क्रूसाची खूण केली. आईने हात जोडले. शेवटी खरोखरच माहेरी पोचवली आम्ही तिला.

आज सकाळी मी किचनची खिडकी उघडायला गेले. वास जावा म्हणून.

आई म्हणाली, "राहू दे."

देवघराची दारं तिने अजून उघडलेली नाहीत. मांदेल्यांचं पातेलं तसंच ओट्यावर आहे. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "श्रावण मी मोडला, आणि उपास तिला घडला."



ठमे, उपाशी गेलीस गं.

तिकडे कोणी पानात वाढलं तर आमची वाट बघू नकोस. जेवून घे.