नववीच्या वर्गातला खटला

परवा इथे सौदीत, थुवालच्या घरी लेकीच्या नव्या पुस्तकांचं खोकं उघडलं, तर वरच ती कादंबरी. गोऱ्यांच्या गावात एका निरपराध काळ्या माणसावर चाललेल्या खटल्याची. कोऱ्या कागदाचा वास आला आणि मी थेट रियाधच्या आमच्या भारतीय शाळेत, नववीच्या वर्गात जाऊन पोहोचले.

बाई त्यातला कोर्टाचा प्रसंग बसवत होत्या. मुलींचा विभाग, त्यामुळे न्यायाधीशापासून आरोपीपर्यंत सगळ्या मुलीच. "आरोपी कोण होणार?" बाईंनी विचारताच मागून कुणीतरी ओरडलं, "मीनल! उसको तो मेकअप भी नहीं लगेगा!" वर्ग खदखदून हसला. मीनल म्हणजे मी, वर्गातली सगळ्यात काळी. मीही हसले. कान मात्र तापले होते.

खिडकीतला एसी घरघरत होता. मी आरोपी म्हणून टेबलाआड उभी होते आणि ज्यूरीतल्या मुली एकेक करून उठत "गिल्टी" म्हणत होत्या. माझी मैत्रीण रुखसाना, रत्नागिरीची, उठली आणि गप्पच राहिली.

"बोलो बेटा," बाई म्हणाल्या.

"नहीं बोलूँगी, मिस. इसने कुछ किया ही नहीं."

"अरे, नाटक है ये!"

"मालूम है. पर अभी सब हँसे, वो नाटक नहीं था."

बाईंनी हळूच पुस्तक मिटलं.

तेव्हा मला रुखसानाचाच राग आला. हसण्यावारी गेलेली गोष्ट तिनं चव्हाट्यावर आणली, असं वाटलं. आज कळतं, मी हसत होते तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघणारी त्या वर्गात ती एकटीच होती.