झेंडीला दिलेला पाला

चुडाव्याच्या स्टेशनापलीकडे, रुळापासून हाकेच्या अंतरावर बन्सीधरचं दोन खोल्यांचं घर आहे. बन्सीधर रेल्वेत चावीवाला होता. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या धक्क्यानं ढिल्या पडतात. रोज रुळाच्या कडेनं चालत त्या बघायच्या आणि हातोड्यानं ठोकून घट्ट करायच्या, एवढंच काम. पण ऊन असो, थंडी असो, त्याचा ठोका कधी अर्धा पडला नाही. नव्या माणसांना तो म्हणे, "हात दुखला म्हंजे काम झालं असं न्हाई. चावी बसली का ते बघा."

तो रिटायर झाला आणि लगोलग त्याची बायको सुमनबाई गेली. मुलगी राजेश्री पुण्यात, तिच्या संसारात. घर खायला उठलं. मग उरली झेंडी. नोकरीच्या शेवटी शेवटी खडीत पडलेलं पिल्लू त्यानं जुन्या लाल झेंडीत गुंडाळून आणलं होतं, म्हणून झेंडी. कुत्री मोठी झाली, पण सवय तीच. सकाळी तो रुळाच्या कडेनं निघाला की ती मागून. काम सुटलं होतं तरी पाय त्याच वाटेनं जायचे, आणि नजर चाव्यांवर.

झेंडीचंही आता वय झालं होतं. तोंडाशी केस पांढरे पडले होते. अशात ती गाभण राहिली. बन्सीधरनं तिच्या कुशीवरून हात फिरवला आणि त्याला कळलं. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली. एक पिल्लू ठेवायचं, बाकीची चांगली घरं बघून द्यायची. झेंडीमागं घरात कुणाची तरी चाहूल राहील. त्यानं पडवीच्या कोपऱ्यात पोतं अंथरलं, पिल्लं बाहेर घरंगळू नयेत म्हणून पुढं फळी बसवली. फळीच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या.

पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

शेजारच्या केशरबाईला दिसायचं ते दिसलंच. भांडी घासता घासता ती म्हणाली, "बन्सीदादा, झेंडीचं पोट दिसायलंय की!"

"शिळ्या भाकरी लय खायली ती."

"भाकरीला पाय फुटतेत का कुठं? आत काय तरी हलायलंय. मला शिकवू नका, पाच बाळंतपणं झाली माझी."

"तुमच्या डोळ्याला चष्मा लागला, केशरबाई."

ती हसली. तो हसला नाही. सुमनबाईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं आनंदाच्या भरात हापशावर सगळ्या बायांना सांगितलं होतं. ते पोट राहिलं नाही. दुसऱ्यांदा फक्त आईला सांगितलं. तेही गेलं. राजेश्रीच्या वेळी तिनं सातवा लागेपर्यंत सख्ख्या आईलाही पत्ता लागू दिला नाही, आणि राजेश्री जगली. तेव्हापासून घरात कायदाच झाला. शेळी असो, म्हैस असो, पोटातलं जन्माला येईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. कुणी विचारलंच तर नाही म्हणायचं. बन्सीधरचा दृष्ट लागण्यावर विश्वास होता असं नाही. पण सुमनबाईनं घालून दिलेली शिस्त मोडायची त्याला हिंमत नव्हती.

मग रुळाच्या पलीकडे बांधकाम निघालं. खडक फोडायचं मशीन आलं. झेंडीला गाडीचं भय नव्हतं. गाडी येते आणि जाते. मशीन दिवसभर एका जागी उभं राहून ठणठण करायचं. झेंडी थरथरायची, लाळ गाळायची, चुलीमागं घुसायची. अन्नावरची वासना गेली. पोट गुरगुरायचं. पोटात पिल्लं आणि तोंडात घास नाही. बन्सीधरचा जीव टांगणीला लागला. त्यानं मशीनवाल्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, कुत्र्यासाठी काम थांबवायचं का?" ते चूक बोलत नव्हते.

राजेश्रीची मुलगी निकिता रविवारी फोन करायची. दिवाळीत ती आपलं मांजर टोपलीत घालून आजोबांकडे आली होती. तिला झेंडीचे हाल सांगितले.

"आजोबा, माझी एक पुडी तिकडे राहिलीय बघा. कॅटनिपची. वाळलेला पाला."

"त्यो मांजराचा? त्यो हुंगून तुजं मांजर येड्यावानी लोळत हुतं. आता झेंडीलाबी येड लावू का?"

निकिता हसत सुटली. "अहो, पुदिन्याच्या जातीचं झाड आहे ते. मांजराला चढतं. कुत्र्याला तसं होत नाही, उलट पोटात गेलं की जरा शांत होतात म्हणे. पोटातल्या गॅसलाही बरं. थांबा, आमच्या मांजराच्या डॉक्टरांना विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "चालतं म्हणाले. पण चिमूटभर, जेवणात कालवून. जास्त झालं तर उलट्या आणि जुलाब होतात. झेंडीला दुसरा काही आजार नाही ना?"

"न्हाई."

"गोळ्या वगैरे चालू नाहीत? पोटात पिल्लं नाहीत ना?"

"न्हाई, न्हाई."

"मग द्या. मला कळवा."

दोन्ही नाही त्यानं एका दमात म्हटलं. फोन ठेवल्यावरही त्याला काही वाटलं नाही. बाहेरच्यानं विचारलं की नाही म्हणायचं, हे अंगवळणी पडलेलं.

पाला त्यानं सांगितल्यासारखाच दिला. काड्या निवडून टाकल्या. चिमटीत धरला, जास्तीचा पुडीत परत झाडला, दूधभाकरीत कुस्करला. वास पुदिन्यासारखा, पण उग्र. झेंडीनं नाक फिरवलं, मग खाल्लं. दुपारी मशीन ठणठणत असताना ती पडवीत पाय पसरून निजली. बन्सीधर तिच्या शेजारी बसून तिचा श्वास बघत राहिला. रोज तेवढाच पाला. पोटाचं गुरगुरणं थांबलं. ती खाऊ लागली. त्यानं निकिताला फोन करून सांगितलं, "गुण आला गं बाई. लय झाक औषध हाय."

त्याच आठवड्यात, सकाळच्या फेरीला झेंडी उठली नाही. पोत्यावर आखडून पडली होती. फळीला रक्त लागलं होतं. पिल्लं आली होती, पण वेळेच्या फार आधी. अंगावर केस नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा. झेंडी एकेकाला चाटत होती. चाटल्यानं हलतील असं तिला वाटत असावं. एकही हललं नाही.

केशरबाई धावत आली. बघून तोंडाला पदर लावला. "गाभडली हो. अन् मला म्हनत हुते, भाकरीचं पोट हाय!"

झेंडीचं रक्त थांबेना, तेव्हा बन्सीधरनं तिला चादरीत घेतलं आणि रिक्षा करून पूर्णेला नेलं. तिथल्या डॉक्टर पद्मजा मॅडमनी तपासलं. पिशवी काढावी लागली. झेंडी वाचली. मॅडम हात धूत असताना त्यानं खिशातली पुडी पुढं केली आणि सगळं सांगितलं.

"हा पाला तसा विषारी नाही," त्या म्हणाल्या. "घाबरणाऱ्या कुत्र्याला थोडा चालतो. पण गाभण असेल तर देऊ नये. पिशवी आकसते असं मानतात."

"म्हंजे ह्यानंच झालं?"

"ते मी सांगू शकत नाही, बाबा. तिचं वय झालंय. घाबरून उपाशी राहिली. आतून दुसरा रोगही असेल. चिमूटभरानं झालं असेल किंवा नसेलही."

"पर ती गाभण हाय हे सांगितलं असतं तर?"

मॅडमनी नळ बंद केला. "तर कुणी द्या म्हटलं नसतं."

परत येताना झेंडीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. चावी ढिली दिसली की वर सांगायचं, तडा दिसला की गाडी थांबवायची, यात तो कधी चुकला नव्हता. आणि इथं पोरीनं सरळ विचारलं होतं. पाला बरोबर निवडला, बरोबर मोजला, बरोबर कालवला. त्या सगळ्या मेहनतीखाली एक शब्द खोटा होता.

पिल्लं त्यानं पूर्णेला निघण्याआधीच घरामागं पुरली होती. झेंडीला चालता येऊ लागलं तशी ती थेट तिथंच गेली आणि माती उकरू लागली. टाके उसवतील म्हणून त्यानं तिला ओढून आणलं. ती पुन्हा गेली. बांधली तर दोरीला हिसके देऊन विव्हळायची.

मग त्यानं फावडं घेतलं. रुळाकडेची टाकून दिलेली खडी घमेल्यानं वाहून आणली. खड्ड्यावर थर दिला, रुळावरची माणसं स्लीपरखाली खडी ठोकतात तशी ठोकली, वर दुसरा थर दिला, तोही ठोकला. कंबर मोडून आली. तरी कडेला एक दगड हलत होता, तो काढून पुन्हा बसवला.

फोन वाजला. निकिता होती. "आजोबा, झेंडी कशीय? पाला संपला असेल तर पाठवू का अजून?"

तो खडीकडे बघत राहिला. खरं सांगावं तर पोरगी जन्मभर स्वतःला बोल लावील. तिनं तर विचारलं होतं.

"नगं," तो म्हणाला. "आता लागत न्हाई तिला."

"एवढी बरी झाली?"

"मशीन गेलं ना. काम संपलं त्यांचं."

मशीन खरंच गेलं होतं. सगळीकडे शांत होतं. त्या शांततेत झेंडी आली, खडीवर उभी राहिली आणि पुढच्या पायांनी खरवडू लागली. खडी पक्की बसली होती. एकही दगड हलला नाही. नखांचा आवाज तेवढा येत राहिला. बन्सीधर फावड्याला टेकून उभा होता. तिला ओढून आणायला त्याचा हात उठला नाही.