डाव्या हाताचा गिअर

वसुधा भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात आहे. पोह्यांची फोडणी आत्ताच पडली. वास इथवर आला. मी गॅरेजमध्ये, जीपच्या थंड बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे. जे लिहिणार आहे ते तिला, माझ्या बायकोला, ठाऊक नाही. नागपूरला माझा धाकटा भाऊ आहे, सुधीर — त्यालाही नाही. चार वर्षांत एकाही माणसाजवळ मी हे बोललेलो नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यातही थोडा भित्रेपणा आहेच. असू द्या.

आधी जीपविषयी सांगतो. जीपविषयी मला नेहमीच चांगले बोलता येते.

आम्ही राहतो त्या अल्फारेटा गावापासून उत्तरेला, जिथे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती मला सापडली. जवळजवळ माझ्याच वयाची. तळाचा पत्रा इतका गंजला होता की ड्रायव्हरच्या पायाखालून जॉर्जियाची लाल माती दिसत होती. सीटच्या स्प्रिंगांत उंदरांनी संसार मांडला होता. ट्रकवर लादून घरी आणली तेव्हा वसुधा दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, लोक अमेरिकेत येऊन नवी गाडी घेतात. तुम्ही गडचिरोलीहून पळून आलेली शोधून काढलीत."

तिने विनोद केला होता, पण नेमके तेच होते. माझे वडील वनखात्यात रेंजर होते. गडचिरोलीच्या बाजूला त्यांच्या बदल्या होत, आणि खात्याची जीप बहुतेक वेळा तेच चालवत, कारण ड्रायव्हरची जागा सदा रिकामी. आई आणि सुधीर मागे बसायचे. मी पुढे, बाबांच्या डाव्या हाताला. गिअरची दांडी आम्हा दोघांच्या मधोमध जमिनीतून वर यायची. पहिला गिअर टाकताना ती दांडी माझ्याकडे सरकून मागे यायची, थेट माझ्या गुडघ्यावर. बाबांची नजर रस्त्यावर असायची, ते फक्त डाव्या हाताने माझा गुडघा हलकेच थोपटायचे आणि म्हणायचे, "गुडघा आवर रे." मी आवरायचो. मग दांडी मागे, मग आत घेऊन पुढे, मग सरळ मागे — पहिला, दुसरा, तिसरा. लहानपणी मी बाबांचा चेहरा जितका पाहिला त्याहून जास्त तो हात पाहिला आहे.

तुम्हाला वाटेल, हा माणूस मूळ गोष्टीपासून लांब चालला आहे. नाही. तिच्याकडेच येतो आहे — पण मला थोडे वळसे घेऊन यावे लागेल.

जीपचा तळ मी नव्या पत्र्याने वेल्ड केला. इंजिन उघडले, धुतले, पुन्हा बसवले. चाकांवरचे मूळचे कमानपाटे काढून उंच घातले, पुढे डिस्क ब्रेक बसवले, वसुधाच्या हट्टाखातर सीट बेल्टही लावले. हे सगळे कोणीही हौशी माणूस करतो. मी आणखी एक गोष्ट केली, जी इथे कोणी करत नाही. स्टीअरिंग डावीकडून काढून उजवीकडे नेले. या देशात उजव्या हाताचे स्टीअरिंग असते ते पोस्टमनच्या गाडीला — रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत हात पोचावा म्हणून. अशीच टपालाची एक जुनी जीप भंगारात निघाली होती. तिचे स्टीअरिंग बॉक्स आणि पेडल मी उचलून आणले. ऑफिसातला निखिल एकदा बघायला आला आणि म्हणाला, "काका, रिटायर होऊन टपाल वाटायचा प्लॅन आहे का?" आम्ही खूप हसलो. मी त्याला सांगितले, माझ्या वडिलांची अशी होती. ते खरेच होते. या सगळ्यात माझ्या तोंडून जे थोडे खरे बाहेर पडले, त्यातले ते एक.

ते २००४ साल. फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुधीरचा फोन आला. "दादा, ये तू. बोलता येत नाही त्यांना, पण दाराकडे बघत राहतात."

आमचे ग्रीन कार्ड तेव्हा अर्धवट अवस्थेत होते. त्या वर्षांत आपल्या माणसांत एक भीती पसरलेली होती — देशाबाहेर पडलो आणि परत घेतलेच नाही तर? कोण कुठे अडकला याच्या गोष्टी प्रत्येक जेवणाला निघत. म्हणून आमचे ग्रीन कार्डचे काम बघणाऱ्या वकीलबाईंना मी फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, वडिलांजवळ जा, तुम्ही दोघेही जा, परत यायला काही अडचण नाही. मी त्यांचे आभार मानले.

इथपर्यंत काही बिघडलेले नव्हते. इथपर्यंत मी इतरांसारखाच एक मुलगा होतो.

घरी आलो, कपडे बदलले, आणि सरळ गॅरेजमध्ये येऊन जीपखाली सरपटलो. थोड्या वेळाने वसुधा आली. मला तिच्या फक्त सपाता दिसत होत्या आणि सलवारीची किनार. तिने माळ्यावरून बॅगा आधीच खाली काढल्या होत्या, हे मी येताना पाहिले होते.

"काय म्हणाल्या वकीलबाई?"

माझ्या हातात पाना होता. तो मी फिरवत राहिलो.

"नको म्हणाल्या," मी जीपखालून म्हणालो. "आत्ता बाहेर पडलो तर परत येता येईलच असं नाही."

सपाता हलल्या नाहीत. "मग मी एकटी जाते. तुम्ही थांबा."

"तुझा व्हिसा माझ्यावरच आहे, वसुधा. तुलाही तेच."

मग ती म्हणाली, "बाबा वाट बघतायत हो." आणि गेली. पाठोपाठ बॅगांची चाके फरशीवरून परत आत जाताना ऐकू आली.

वसुधा नागपूरला शाळेत शिकवत असे. माझ्यामागे इकडे येण्यासाठी तिने ती नोकरी सोडली, आणि तिच्या व्हिसावर तिला इथे काम करता येत नव्हते. ती नोकरी सोडताना सबंध घरात एकच माणूस तिच्या बाजूने बोलला होता. बाबा. "तिची शाळा का सोडवतोस?" असे त्यांनी मला सर्वांसमोर विचारले होते. त्या माणसाजवळ तिला जायचे होते, आणि मी तिलाही अडवले. माझ्या एका खोट्यात मी तिला सोबत कोंडले.

का? — हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचे कोपरे झिजले आहेत. रजा होती. पैसे होते. ऑफिसात कोणी अडवले नसते. आपल्या माणसाला त्या अवस्थेत बघवत नाही, असे लोक म्हणतात. मीही म्हणून पाहिले. पण सुधीर बघत होता ना? तोंड पुसत होता, कूस बदलत होता, कपडे बदलत होता. माझ्या भावाला जे बघवत होते ते मला का बघवू नये? सरळ सांगतो. मला जायचे नव्हते. तिथे गेलो असतो तर काहीच दुरुस्त करता आले नसते, नुसते बसावे लागले असते. इथे जीपखाली जे बिघडलेले असे ते उघडता येई, घासता येई, परत बसवता येई. मी ते निवडले.

आणि जे सांगायला सर्वांत जड जाते ते हे, की मला हलके वाटले. त्या संध्याकाळी स्टीअरिंग बॉक्स पहिल्या खेपेलाच जागेवर बसला. मी पोटभर जेवलो. हात धुताना काहीतरी गुणगुणत होतो. वसुधाने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले असावे, दुःख लपवतो आहे.

सुधीरने बाबांना सांगितले की दादाला तिकडचे सरकार सोडत नाही. बाबांनी म्हणे डावा हात उचलून पंजा दाखवला — राहू दे, असा. "त्यांनी समजून घेतलं, दादा," सुधीर म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस." एका आजारी माणसाने मला माफ केले, आणि कशाबद्दल करतो आहोत हे त्याला ठाऊकच नव्हते.

मला वाटले होते, एवढेच माझे खोटे. पण ते एवढ्यावर थांबले नाही.

मार्च लागला. इकडे मार्चात पाइनचा पराग उडतो. गाड्या, पायऱ्या, पाने, सगळ्यावर हळदीसारखा पिवळा थर बसतो. रविवारची सकाळ होती. गॅरेजचे दार उघडे राहिले होते आणि जीपच्या, रंगाआधी दिलेल्या राखाडी प्राइमरवर पिवळी साय धरली होती. फोनवर सुधीर होता.

"दादा, एक विचारायचं होतं. बाबा डाव्या हाताने सारखं काहीतरी करतात. आम्हाला कळत नाही. हात बाहेर नेतात, मागे ओढतात, मग आत घेऊन पुढे ढकलतात, परत मागे. आम्ही पाणी दिलं, चष्मा दिला, कागद-पेन्सिल दिली. नको म्हणतात. आणि मध्येच पलंगाच्या कडेला हळूच थोपटतात. कोणीतरी तिथे बसलंय असं."

माझे बोट बॉनेटवरच्या परागात फिरत होते. मी खाली पाहिले. बाहेर आणि मागे, आत आणि पुढे, सरळ मागे. बोटाने गिअरची आकृती काढली होती. पहिला, दुसरा, तिसरा.

तो हात सुधीरने कधी पाहिला नव्हता. तो मागे, आईच्या कुशीत झोपलेला असे, आणि आई आता नव्हती. पृथ्वीच्या पाठीवर तो हात वाचू शकेल असा एकच माणूस होता.

"दादा? ऐकतोयस ना?"

"मला नाही रे कळत," मी म्हणालो.

"त्या हाताला सलाइन आहे, सारखी सुई निघते. नर्स म्हणते, झटके असतील. हात कठड्याला बांधून ठेवू का, विचारतेय."

एक वाक्य पुरेसे होते. ते गाडी चालवतायत, सुधीर, त्यांच्या डाव्या बाजूला बस — एवढेच. कोणीही त्यांच्या हाताखाली गुडघा नेऊन ठेवला असता. पण मला ते कळले असे मी कबूल केले असते, तर त्या कडेला कोण बसायला हवे होते हेही कबूल करावे लागले असते. आणि मग सुधीरने म्हटले असते, ये. पुन्हा एकदा, ये.

"डॉक्टर म्हणतील तसं कर," मी म्हणालो.

त्यांनी हात बांधला. मऊ बँडेजने, दुखू नये असा. सुधीरने मला तसे मुद्दाम सांगितले. बाबा गेले तेव्हा तो बांधलेलाच होता. त्या रविवारी सुधीरचा फोन ठेवल्यावर मी फडके ओले करून बॉनेट पुसून काढले.

अग्नी सुधीरने दिला. आमच्या घरी इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसे डबे घेऊन आली, सोफ्यावर दाटीवाटीने बसली आणि सरकारला, व्हिसाला, या देशाला बोल लावत राहिली. "केवढी शिक्षा ही," एक मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. मी मान खाली घातली. तो हात मी फिरवू दिला.

जीप उन्हाळ्यात पूर्ण झाली. हिरवा रंग दिला — वनखात्याचा होता तसा. रविवारी आम्ही दोघे डोंगराकडे कच्च्या रस्त्यांवर जातो. रस्ता चढतो, झाडी दाटते, आम्ही फारसे बोलत नाही. वाटेत एका दुकानाच्या खिडकीवर, गाडीत बसूनच, कॉफी घेतो. इथे अशी खिडकी गाडीच्या डाव्या हाताला असते, आणि माझे स्टीअरिंग उजवीकडे असल्यामुळे ती वसुधाच्या बाजूला येते; पैसे तीच देते, कप तीच घेते, आणि स्टीअरिंग असे उलट्या बाजूला का, असे खिडकीतल्या मुलीने विचारले की उत्तरही तीच देते. दर वेळी तेच, तिच्या सावकाश, जुळवलेल्या इंग्रजीत: यांचे वडील अशी चालवायचे. ते गेले तेव्हा यांना जायचे होते. जाऊ दिले नाही.

मुलगी म्हणते, सो सॉरी. वसुधा माझ्या वतीने थँक यू म्हणते.

मी समोर बघत असतो. क्लच दाबतो आणि डावा हात दांडीवर ठेवतो. पहिला गिअर तिच्याकडे सरकून मागे येतो, आणि वसुधा, दोन्ही हातांत दोन कप सांभाळत, मी काही न सांगता गुडघा आवरते.