सहदेव भोईरांची उंटाची फाईल

सहदेव भोईरांच्या घरात देवघर एक आणि फायली एकेचाळीस. कोलशेतला आज त्यांची बत्तीस मजली इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. पावसाळा संपला की सगळं घर खाडीकडच्या मिठागरावर राबायला जायचं. जमीन गेली तेव्हा सहदेवांनी मोजणीची चूक दाखवत पहिली फाईल उघडली, सात वर्षं भांडले आणि जिंकले. तेव्हापासून त्यांना फायलींची चटक लागली. लिफ्ट बंद पडली, उघड फाईल. वॉशिंग मशीन जास्त आवाज करतं, उघड फाईल. सोसायटीच्या बागेत गुलमोहर लावतो म्हणून सांगितलं आणि लावलं भलतंच झाड, त्याची फाईल तर इतकी जाड झाली की झाडापेक्षा तिची वाढ चांगली आहे असं त्यांची बायको दर्शना म्हणायची.

बेचाळिसावी फाईल उंटाची.

गोष्ट चोपन्न वर्षांपूर्वीची. सहदेव आठ वर्षांचे होते. ठाण्यातल्या एका पत्र्याच्या थेटरात परदेशी कार्टूनचा पिक्चर लागला होता. त्याचं नाव इंग्रजीत होतं, ते गावात कोणालाच वाचता आलं नाही, म्हणून सगळे त्याला उंटाचा पिच्चर म्हणायचे. सहदेवांची आई आवडाबाई मिठागराच्या मुकादमाला गळ घालून पाचही पोरांना मिठाच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसवून मॅटिनीला घेऊन गेली. पोरं अंग खाजवत थेटरात शिरली. पडद्यावर उंट आला. गावात उंट कोणी पाहिलेला नव्हता. आवडाबाईंना आधी वाटलं, घोड्याला पाठीवर गळू झालंय.

गोष्ट साधी होती. उंटीण आणि तिचं पिल्लू वाळवंटात चाललेले असतात. वादळ येतं आणि आई वाळूत नाहीशी होते. पिल्लू एका आगाऊ कावळ्याच्या सोबतीने चालत राहतं, मोठं होतं आणि शेवटी आपल्या कळपाला जाऊन मिळतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली, लोक उठायला लागले, आणि तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. विहिरीपाशी चांदण्यात उंटीण उभी. पिल्लू तिच्या पोटाशी निजलेलं. आई परत आली होती. ‘आली बाय, आली,’ आवडाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आणि अख्ख्या थेटराने टाळ्या वाजवल्या.

परत येताना ट्रकमध्ये सहदेवांनी आईला विचारलं, पिल्लू तर मोठं झालं होतं, मग परत बारकं कसं झालं? आवडाबाई म्हणाल्या, ‘आयस भेटली का सगलेच बारके व्हतान.’

आवडाबाईंनी त्यानंतर थेटरात कधी पाऊल टाकलं नाही. त्यांचा तो पहिला आणि शेवटचा पिक्चर.

आता दर्शना माहेरची कल्याणची. तिनेही हाच पिक्चर लहानपणी पाहिलेला, पण कल्याणच्या थेटरात. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दोघांचं पहिलं भांडण झालं ते उंटावरून. दर्शनाचं म्हणणं, आई परत येत नाही, ती वाळूत जाते ती जातेच. सहदेवांचं म्हणणं, कल्याणच्या लोकांना शेवटचं रीळ दाखवलंच नसणार. कल्याणला आजवर काय धड मिळालंय? हे भांडण अडतीस वर्षं टिकलं. मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं, सून आली, नात झाली. उंटावर समेट झाला नाही.

नात म्हणजे सान्वी, वय वर्षं सात. आईबाप दोघं नोकरीला, त्यामुळे दुपारी शाळेतून आल्यावर तिला जेवू घालायचं काम सहदेवांचं. सान्वी उंटाशिवाय जेवत नसे. वरणभाताच्या पहिल्या घासाला उंटीण आणि पिल्लू निघायचे, पापलेटच्या तुकड्याला वादळ यायचं आणि ताकभातापर्यंत आई परत यायची. पिल्लू परत लहान कसं झालं हे तिनेही विचारलं होतं, आणि सहदेवांनी आवडाबाईंचं उत्तर तसंच्या तसं दिलं होतं. सान्वीला ते पटलं. दर्शना स्वयंपाकघरातून भांडी आपटून निषेध नोंदवायची, तेवढंच.

आणि मग यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पिक्चर नव्याने निघाला.

सहदेवांना ही नव्याने काढायची भानगड मुळातच मान्य नव्हती. एकदा नीट झालेली गोष्ट पुन्हा कशाला करायची? पण सान्वीने जाहिरात पाहिली आणि नाचत सुटली, कारण उंटाची आई परत येताना आता तिला डोळ्यांनी दिसणार होती. तसं सहदेवांनी तिला वचनच दिलं होतं. दर्शना म्हणाली, अजून वेळ आहे, पोरीला खरं काय ते सांगून टाका. सहदेव म्हणाले, खरं काय ते पडद्यावर दिसेल.

माजिवड्याच्या मॉलमध्ये तिघं गेले. सहदेवांनी आपल्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवला आणि पाचव्या मिनिटाला त्यांचं डोकं फिरलं. जुना उंट हाताने काढलेला होता, त्याला या एवढाल्या पापण्या होत्या. तो लाजायचा, रुसायचा, हसायचा. या नव्या उंटाचा केस न् केस मोजून घ्यावा, पण तोंडावरची माशी हलेल तर शपथ. आई वाळूत गेली तरी पिल्लाचा चेहरा रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखा. का, तर म्हणे खरे उंट असेच असतात. खरा उंट बघायचा तर माणूस चौपाटीवर जाईल, थेटरात कशाला येईल? त्यात कावळा हिंदीत ‘अपुन, अपुन’ करत होता आणि मधेच टोपी घालून नाचला. सहदेव इतक्या मोठ्याने पुटपुटत होते की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. दर्शनाने त्यांच्या तोंडासमोर पॉपकॉर्नचा पुडा धरला.

पिक्चर संपला. पिल्लू कळपाला मिळालं, नावं वर सरकायला लागली. सान्वी खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. सहदेवांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, थांब, आता येईल. नावं संपली. दिवे लागले. लोक गेले. झाडू घेऊन एक बाई आल्या आणि तिघांच्या पायांशी थांबल्या.

‘अजून एक रीळ आहे,’ सहदेव त्यांना म्हणाले.

‘काका, रीळ मोबाईलवर बघा,’ बाई म्हणाल्या. ‘पाय वर घ्या.’

दर्शनाने तिघांचे थ्रीडी चष्मे गोळा केले. अडतीस वर्षांनी जिंकलेली बाई गप्प बसते हे सहदेवांना जास्त लागलं. रिक्षात सान्वी कडेला बसली. कापूरबावडीचा सिग्नल लागला तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, ‘आबा, तुम्ही फेकत होतात.’

दुसऱ्या दिवसापासून सान्वी मोबाईल तांब्याला टेकवून जेवायला लागली. सहदेव उंटाऐवजी हत्ती काढून बघत, वाघ काढून बघत. ती न बघता म्हणायची, आबा, नको. आठ दिवस त्यांनी हे सोसलं. नवव्या दिवशी हिरव्या नाडीची कोरी फाईल काढून तिच्यावर ‘उंट’ असं लिहिलं आणि अर्ज लिहायला घेतला. विषय: मूळ चित्रपटातील शेवटचा भाग वगळून प्रेक्षकांची, विशेषतः लहान मुलांची, फसवणूक केल्याबाबत. अर्ज चार पानी झाला. कावळ्यावर वेगळं परिशिष्ट होतं. पण एकेचाळीस फायलींचा अनुभव सांगत होता, साक्षीदाराशिवाय अर्ज लुळा. गावातले त्या दिवशीचे साक्षीदार बरेचसे वारलेले, उरलेल्यांना उंट आठवतो पण शेवट आठवत नाही. तेव्हा त्यांना रघुकाका आठवले.

रघुकाका त्या काळी रिळं वाहायचे. पिक्चरची प्रत एक आणि थेटरं दोन, असा तेव्हा सर्रास मामला असायचा. कळव्याच्या थेटरात खेळ अर्धा-पाऊण तास आधी सुरू व्हायचा; तिथली रिळं संपतील तसे त्यांचे डबे सायकलला लावून रघुकाका खाडीचा पूल ओलांडून ठाण्याला आणायचे. आता ते ऐंशीचे, डोंबिवलीला मुलीकडे राहतात. सहदेव फाईल काखेत मारून दोन बस आणि एक रिक्षा करत तिथे पोचले.

रघुकाकांना ओळख पटवून दिली, आवडाबाईंचं नाव सांगितलं, अर्ज वाचून दाखवला. काका मान डोलावत ऐकत होते. सही कुठे करायची ते सहदेवांनी बोटाने दाखवलं. काकांनी पेन घेतलं नाही. ते म्हणाले, शेवटी आई आलेली खरी. पण ते शेवटचं रीळ नव्हतं, दुसरं होतं. वादळाच्या आधीचं.

सहदेवांना कळेना. काकांनी समजावून सांगितलं. पहिल्या फेरीत डबे दोन निघाले, ठाण्याला पोचला एक. वाटेत सायकल पंक्चर झाली, त्या गडबडीत दुसरा डबा मागे राहिला. ऑपरेटरने शिव्या घातल्या आणि तिसऱ्या रिळापासून पुढे चालू केलं. सगळा पिक्चर संपता संपता तो डबा हाती लागला. रीळ कापलं म्हणून पब्लिक खुर्च्या मोडायची, त्या भीतीने मालकाने ते राहिलेलं रीळ शेवटी लावून टाकलं.

आतून काकांच्या बायको मंदाकिनीकाकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘पंक्चर बिंक्चर काही झालं नव्हतं हो. माझ्या माहेरच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबले होते. एक तांब्या प्यायला पाऊण तास. डबा तिथेच विसरले. माझ्या आईने त्याच्यावर बोंबील वाळत घातले.’

‘मग परत आणायला मीच गेलो ना,’ काका म्हणाले.

‘गेलात. आणि परत पाणी मागितलंत.’

सहदेवांनी चहा तसाच ठेवला. मॉलमध्येही वादळाआधी विहीर येऊन गेली होती, तेव्हा ते पापण्यांवरून पुटपुटत होते. ओट्यावरच्या या पाण्यापायी ते अडतीस वर्षं बायकोशी भांडले होते आणि आज नातीच्या लेखी फेकू ठरले होते. साक्षीदार म्हणून गाठलेला हा माणूस आरोपी निघाला होता, आणि त्याच्याविरुद्ध फाईल उघडावी तर तो समोर ऐंशी वर्षांचं तोंड करून बिस्किट बुडवत होता. सहदेवांनी अर्जाला नाडी बांधली आणि उठले. तेव्हा रघुकाका म्हणाले, जरा बस, पुढचं ऐक.

त्या दिवशी नोकरी जाणार म्हणून काका थेटराच्या दारात उभे होते. मालकही उभा होता. लोक बाहेर आले ते डोळे पुसत, पण हसत. कोणी खुर्ची मोडली नाही. एका बाईने तर मालकाला दोन्ही हात जोडले. ती आवडाबाई असेल की आणखी कोणी, काका सांगू शकले नाहीत. पण मालक आत गेला आणि ऑपरेटरला म्हणाला, उद्यापासून असंच लाव. ‘आठवडाभर होता पिक्चर,’ काका म्हणाले. ‘ठाण्यात आठवडाभर त्या उंटाची आई परत येत होती. मी रोज दोन नंबरचा डबा मुद्दाम मागे ठेवायचो.’

‘आणि रोज पाणी प्यायचे,’ काकू म्हणाल्या.

घरी येऊन सहदेवांनी दर्शनाला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, आता जन्मभर ऐकावं लागणार. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली की कल्याणला तो पिक्चर पाहून ती स्वतः, सहा वर्षांची पोर, आठवडाभर आईचा पदर सोडत नव्हती, शाळेतही गेली नव्हती. मग कणकेला तेलाचा हात लावत म्हणाली, ‘तुमच्या ठाण्याला सगळं आयतं मिळतं.’

शनिवारी सहदेवांनी माजिवड्याला तीन आणि तीन अशी सहा तिकिटं काढली. पहिली तीन दुपारच्या खेळाची, दुसरी तीन त्याच पडद्यावर लगेच पुढच्या खेळाची, खुर्च्याही त्याच. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने दोनदा सांगितलं, काका, पिक्चर सेमच आहे. सहदेव म्हणाले, पिक्चर सेम आहे हेच तर दुखणं आहे. सान्वी यायला तयार नव्हती. तिला आजीने ओढून आणलं. आजीचा शब्द अजून खपत होता.

पहिला खेळ त्यांनी सगळा पाहिला. सहदेवांनी कावळ्याच्या नाचाला डोळे मिटून घेतले. शेवटी दिवे लागले, त्याच झाडूवाल्या बाई आल्या आणि यांना पाहून न सांगताच खुर्च्या सोडून पुढे गेल्या. सहदेवांनी सान्वीला सांगितलं, आपलं रीळ मागून येतंय, ठाण्याला ते मागूनच येतं. ती उठली नाही.

पुन्हा अंधार झाला. जाहिराती सहदेवांनी दात खाऊन सोसल्या. पहिला भाग गेला आणि मग चांदणं पडलं. विहीर आली. विहिरीपाशी उंटीण उभी होती, तोंडावरची माशी न हलवता, पण उभी होती. पिल्लू तिच्या पोटाशी जाऊन निजलं.

दर्शनाने पर्समधून रुमाल काढला. सान्वी आजीच्या कानाला लागून म्हणाली, ‘परत छोटा झाला ना, कारण आई भेटली.’

मागे कुठेतरी वाऱ्याचा बारीक आवाज सुरू झाला. सहदेव ताडकन उठले, दोघींना हाताला धरलं आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर काढलं. दारावरच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, काका, पिक्चर तर आत्ताच सुरू झालाय.

‘संपला,’ सान्वी म्हणाली. ‘आई आली.’