आबांची पाय मोकळे करायची वेळ

नवजात बाळांच्या विभागात काम करताना मी पुष्कळांवर ओरडले आहे. त्यातल्या एका ओरडण्याचं मला आजही बरं वाटतं.

विश्रामबागेतल्या आमच्या मुलांच्या दवाखान्यात वाळव्याकडची एक मुलगी दाखल होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. आईची तब्येत बिघडल्यामुळे ती दुसऱ्या दवाखान्यात होती. मशीनची ऊब देऊनही पोरीचं वजन काही हलेना. डॉक्टर म्हणाले, आता हिला माणसाच्या अंगाची ऊब हवी. आई नाही तर बापानं उघड्या छातीशी धरून बसायचं.

बाप फौजी, सुट्टीवर आलेला. मी खुर्ची मांडली, बाळाला टोपी-मोजे घातले आणि म्हटलं, "शर्टाची बटणं काढा." गडी ताठ उभा, हात मागे बांधलेले.

"अहो, बंदूक धरता ना? मग हे एवढंसं धरायला काय झालं?"

त्यानं काचेकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, आबा बसल्यात की भाईर."

काचेपलीकडच्या बाकावर त्याचे वडील बसले होते. नातीपायी जीव टांगणीला लागलेला, सकाळपासून जागचे हलले नव्हते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी साताऱ्याकडच्या खेड्यातली. आमच्याकडेही वडीलधाऱ्यांदेखत कुणी आपलं पोर उचलत नसे. मी रडत असले तरी माझे वडील आजोबांसमोर मला घ्यायचे नाहीत, शेजारून निघून जायचे. एवढं माहीत असून मी त्या बिचाऱ्याला बंदुकीवरून ऐकवत होते.

मी तरातरा बाहेर गेले. "आबा, चहा घेऊन या."

"म्या च्या पीत न्हाई."

"मग नुसते जाऊन या! तुम्ही इथं बसलात तर तो पोरीला घेणार नाही, आणि त्यानं घेतलं नाही तर पोरीचं काही खरं नाही."

सगळा पॅसेज ऐकत होता. आबांनी काचेतून एकदा आपल्या मुलाकडे पाहिलं. मग उठून टोपी नीट केली. "पाय मोकळं करून येतो," म्हणाले.

मी आत आले तर फौजी खुर्चीत, बटणं उघडी. पोरीला छातीवर ठेवलं, वरून चादर बांधली. ती थोडी वळवळली आणि निवांत झोपली. त्याचा तर श्वाससुद्धा जपून चालला होता.

पुढं आबांना कधी सांगावं लागलं नाही. रोज पोरीला छातीशी घ्यायची वेळ झाली की आपणहून उठायचे आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसायचे. पोरीनं हळूहळू अंग धरलं.

घरी जायच्या दिवशी आईही आली, बरी झालेली पण अजून अशक्त. गावाकडची चार माणसं न्यायला आली होती. दुपट्यात गुंडाळलेली पोर मी रीतीप्रमाणे आबांकडे द्यायला गेले. फौजी आधीच मागे सरकून उभा होता. आबांनी हातच पुढं केले नाहीत.

"माज्याकडं नगं, सिस्टर. ह्येच्या छातीला द्या. तिला तितलीच सवय हाय."

फौजीनं तिला घेतलं. आबा समोरच उभे होते, आणि मनसोक्त बघत होते. आजोबांदेखत बापाच्या छातीशी असलेली पोर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. या नोकरीनं मला ती दाखवली, नोकरीचे हे उपकार मी विसरणार नाही.