अर्धा तांब्या
खडेमिठाच्या बरणीत पाणी सुटलं की मला अंबडच्या बाजारातून आणलेली कालवड आठवते. दिवसभर टेम्पोत, उन्हात तहानेनं कासावीस होऊन आली होती. मला कळवळा आला; मी बादलीमागून बादली पुढं केली, ती घटाघटा पीत राहिली. तासाभरात तिला लाल लघवी झाली, पाय लटपटले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "तहानलेल्या वासराला एकदम एवढं न्हाई पाजायचं, ताई. रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ टाकून थोडं थोडं द्यायचं." कालवड गेली. सासरे एवढंच म्हणाले, "मायेनंच पाजलं पोरीनं." तेच आजवर टोचतं. आता नवरा शेतातून घामाघूम होऊन आला की मी मीठ घालून अर्धाच तांब्या देते. "पाणी संपलं का घरातलं?" तो चिडतो. भरलेला दुसरा तांब्या पाठीमागं धरून, तो जरा निवेपर्यंत मी उभी राहते.