नगराध्यक्ष असं म्हणालेच नव्हते

प्रीता मूळची नागपूरची. बारावीनंतर तिकडे मेडिकलची सीट मिळाली नाही म्हणून वडिलांनी तिला युक्रेनला पाठवलं. तिथे ती डॉक्टर झाली, भाषा शिकली आणि बिटाचं लालभडक सूप तोंड वाकडं न करता प्यायलाही शिकली. मग शैलेंद्रशी लग्न करून अमेरिकेत ॲन आर्बरला आली. इथे तिची डॉक्टरकी चालेना, म्हणून युनिव्हर्सिटीत रिसर्चची कामं बघते. तिचा खरा नावलौकिक मात्र मराठी मंडळात. सूत्रसंचालन तिच्याकडे असलं, की अध्यक्षांचं लांबलचक भाषण दोन वाक्यांत आटोपतं आणि नेमकं काय झालं ते अध्यक्षांनाही कळत नाही.

गेल्या वर्षी जवळच्या एका छोट्या गावाने युक्रेनमधल्या वेर्बोपिल गावाशी मैत्री जाहीर केली आणि तिथल्या नगराध्यक्षांना बोलावून घेतलं. दुभाषी हवा होता. प्रीताने लगेच नाव दिलं.

"फक्त ट्रान्सलेट करायचं हं," शैलेंद्र म्हणाला. "मंडळातले उद्योग नकोत, यार."

"म्हणजे काय! माझ्यावर विश्वास नाही?"

शैलेंद्रने फक्त भुवया उंचावल्या.

नगराध्यक्ष बोहदान पेत्रोविच हे साठी ओलांडलेले, आडव्या बांध्याचे, मऊ आवाजाचे. प्रीताची पहिल्याच मिनिटाला पंचाईत झाली. एवढ्या वयाच्या माणसाला काका म्हणायची तिला सवय, आणि त्यांच्या भाषेत तान्ही मुलं 'शी'ला 'काका' म्हणतात. गाडीत बसताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, "काका, सीट बेल्ट!" बोहदान दचकून अर्धवट उठले आणि त्यांनी सीट तपासली.

मग रस्ताभर त्यांनी आपली हकिगत सांगितली. ते गुरांचे डॉक्टर. "गावातली प्रत्येक गाय मला ओळखायची. माणसं नंतर ओळखायला लागली," ते म्हणाले. गल्लोगल्ली दिवे लावीन, असं सांगून ते निवडून आले आणि खरंच त्यांनी दिवे लावले. तेवढ्यात युद्ध आलं. वरून विमानांना गाव दिसू नये म्हणून स्वतःच हिंडून त्यांनी ते सगळे दिवे बंद करवले.

त्यांची विरोधक ल्युदमिला, औषधांच्या दुकानाची मालकीण. दर सभेत ती त्यांना चोर म्हणायची. आता सभा शाळेच्या तळघरात भरते, तरी म्हणतेच. पाणीपुरवठ्यावर बॉम्ब पडला तेव्हा बोहदान स्वतः टँकर चालवत घरोघर गेले. ल्युदमिला शेजारच्या सीटवर बसलेली. का? तर आपल्या मतदारांना हा जास्त पाणी देत नाही ना, ते बघायला.

"युद्धात निवडणुका होत नाहीत," बोहदान म्हणाले. "ती म्हणते, यंदा तुला पाडलंच असतं. मी म्हणतो, पाडलंच असतंस."

ते हसले आणि मग शाळेचं सांगू लागले. गावात कचऱ्याची गाडी उरली नव्हती. शाळेमागे ढीग साचले होते. मुलं आता बॉम्बला घाबरत नव्हती. घाबरत होती तळघरातल्या उंदरांना.

तेवढ्यात म्युनिसिपालिटीच्या यार्डात एक जुनी कचऱ्याची गाडी दिसली, काचेवर विक्रीचा बोर्ड. बोहदाननी प्रीताला थांबायला लावलं. बाजारात गाय बघावी तशी ती चारी बाजूंनी बघितली, खाली वाकले, कुशीवर थाप मारली.

"तब्येत चांगली आहे हिची."

"मग मागा ना!"

"पाहुण्याने आल्या आल्या मागायचं? शोभत नाही ते."

संध्याकाळी सत्कार झाला. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत पेपरवाले. यजमान गावाच्या मेयरबाईंनी मखमली पेटीतून गावाची मानाची म्हणून एक भली मोठी लाकडी किल्ली दिली. बोहदान म्हणाले, "मनापासून आभार. ही किल्ली आम्ही आमच्या सभागृहात मानाने ठेवू."

प्रीताने माइक घेतला. "नगराध्यक्ष म्हणतात, मनापासून आभार. ही किल्ली तुमच्या यार्डातल्या त्या कचऱ्याच्या गाडीला लागते का, एवढंच त्यांना विचारायचंय."

मग हॉल हशाने दणाणला, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आपले आभार इतके आवडले हे बघून बोहदाननी छातीवर हात ठेवून वाकून नमस्कार केला. मेयरबाई कानापर्यंत लाल झाल्या. पेपरवाल्यांकडे बघून त्यांनी हात पसरले. "लागते! आजपासून लागते!" मागे शैलेंद्रने कपाळाला हात लावला.

परतताना प्रीताने खरं काय ते सांगितलं. बोहदान तिच्याकडे वळले.

"म्हणजे मी भीक मागितली?"

"नाही हो. तुम्ही विनोद केलात."

"चांगला होता?"

"लोक उभे राहिले ना!"

"मग तो माझाच," बोहदान म्हणाले.

कागदपत्रं झाली, जहाज मिळालं, काही महिन्यांनी गाडी वेर्बोपिलला पोचली. नगराध्यक्ष परदेशी गाड्या आणून मिरवतात, असा ल्युदमिलाने तळघरात भर सभेत निषेध नोंदवला आणि पहिली फेरी आपल्या दुकानाच्या गल्लीत न्यायला लावली.

यंदा वसंतात प्रीताला एका अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल आला. पांढरा कोट, मागे औषधांच्या बाटल्या.

"ते भाषांतर करणारी तूच ना? बोहदानला सांगू नकोस. युद्ध संपलं की निवडणूक लागेल. मला एक शाळेची बस पाहिजे. आणि ती मी आणली, हे गावाला कळलं पाहिजे."

प्रीता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शनिवारी भाजी आणायला निघाल्यावर तिने शैलेंद्रला मागच्या रस्त्याने गाडी घ्यायला सांगितली.

"तिकडे काय आहे?"

"काही नाही रे. जुन्या बस उभ्या करतात तिथे."

शैलेंद्रने तिच्याकडे बघितलं, मोठा सुस्कारा टाकला आणि इंडिकेटर दिला.